जिमची फी भरण्याआधी...

नवं वर्ष लागलं, की सकाळच्या पेपरमधून रंगीत पत्रकं खाली पडायला लागतात. 'फक्त महिलांसाठी', 'तीन महिन्यांत १५ किलो कमी', 'आजच नाव नोंदवा, अर्धी फी वाचवा!' गोरक्षण रोड असो, जठारपेठ असो की कौलखेड, आता बहुतेक सगळीकडे एखादी तरी जिम, हेल्थ क्लब किंवा फिटनेस सेंटर दिसतंच. भिशीत, हळदीकुंकवात साडीच्या जोडीला आता हाही विषय असतो, "तुम्ही कोणती जिम लावली?"

बाईनं स्वतःच्या तब्येतीसाठी वेळ आणि पैसा काढायचं ठरवणं ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण महिला मंडळाच्या कामात घरोघरी जाणं होतं, तेव्हा दुसरी बाजूही ऐकू येते. "ताई, पैसे भरले त खरं, पण जानं कुठं होते?" असं सांगणाऱ्या जणी खूप आहेत. कुणाला जिमची वेळ जमली नाही, कुणाचे गुडघे दुखायला लागले, कुणाला तिथलं वातावरण पटलं नाही. वर्षाची फी भरलेली, आणि जाणं झालं जेमतेम महिनाभर.

यात नुसते पैसे जात नाहीत. घरखर्चातून वाचवून, मोठ्या हिमतीनं बाई पहिल्यांदा स्वतःसाठी काही हजार रुपये मागते. ते वाया गेले की घरातून हमखास ऐकू येतं, "म्हटलं नव्हतं, तुला नाही जमणार?" मग ती दुसऱ्यांदा मागतच नाही. पुढे शुगर निघते, बीपी निघतं, तेव्हा दवाखान्यात पैसा जातोच. म्हणूनच जिम निवडताना चूक टाळायला हवी. साडी घेताना आपण चार दुकानं फिरतो, पदर उलगडून बघतो. मग जिथे आपलं शरीर सोपवायचं, ती जागा पत्रक बघून कशी काय ठरवायची?

आधी आपली गरज लिहून काढा

'कोणती जिम चांगली?' हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न 'मला कशासाठी जायचंय?' एका कागदावर एका ओळीत लिहा. वजन कमी करायचंय? शुगर आटोक्यात ठेवायचीय? कंबर-पाठ दुखते म्हणून ताकद वाढवायचीय? बाळंतपणानंतर सुटलेलं शरीर पुन्हा बांधायचंय? की यंदा शेगावची पायी वारी दम न लागता करायचीय?

उत्तर बदललं की जागाही बदलते. वारीसाठी चालण्याचा सराव लागतो, तो रस्त्यावरही होतो. पाठीच्या दुखण्याला शिकलेला प्रशिक्षक हवा, नुसती चकचकीत यंत्रं असून उपयोग नाही. पंचेचाळिशी उलटलेल्या, पाळी जाण्याच्या सुमाराच्या मैत्रिणींची हाडं ठिसूळ व्हायला लागतात. त्यांना हळूहळू वाढवत नेलेला वजनाचा व्यायाम फार उपयोगी पडतो. 'वजनं उचलली तर बाई पुरुषासारखी दिसेल' ही भीती मनातून काढून टाका. तसे पिळदार स्नायू तयार व्हायला जे पुरुषी संप्रेरक लागतं, ते बायकांच्या शरीरात फारच थोडं असतं.

आता नेहमीचा प्रश्न. "अवो ताई, दिवसभर मरमर काम करतो, अजून कायले पायजे व्यायाम?" घरकामात शरीर हलतं हे खरंच आहे, आणि ते मोजायलाही हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल करावी. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत दम लागला की ती मध्यम हालचाल समजा. घरकामात एवढा दम सारखा लागत नाही. शिवाय आठवड्यातून दोन दिवस तरी मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम हवा, असंही ही संघटना सांगते. पोळ्या लाटताना, भांडी घासताना तेच ते स्नायू राबतात, बाकीचे तसेच राहतात. घरकाम करूनही कंबर दुखते, त्यामागे बऱ्याचदा हे एक कारण असतं.

डॉक्टरांना आधी विचारा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे जिमच्या दारात उभ्या असलेल्या दोघींपैकी एकीला जिना चढताना लागणारी धाप लठ्ठपणाची नसून रक्त कमी असल्याची असू शकते. तेव्हा आधी हिमोग्लोबिन, शुगर आणि बीपी तपासून घ्या. आपल्या सर्वोपचारमध्ये किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात हे होतं.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर सकाळी उपाशीपोटी जोराचा व्यायाम करू नका. साखर एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते. किती आणि कधी खायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि पर्समध्ये साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा. बीपी असणाऱ्यांनी वजन उचलताना श्वास रोखून धरू नये. बाळंतपण, त्यातून सिझेरियन झालं असेल, तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पोटाचे व्यायाम सुरू करू नयेत.

आणखी एक गोष्ट, जी आपण कुणाजवळच बोलत नाही. खोकताना, हसताना लघवी होणं, अंग बाहेर येणं. या तक्रारी असताना जड वजन उचललं किंवा उड्या मारल्या तर त्रास वाढतो. यावर व्यायाम आहेत, उपचारही आहेत, पण ते स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून करायचे. लाजून गप्प बसायचं आणि जिममध्ये सगळ्यांबरोबर उड्या मारायच्या, असं मुळीच करू नका.

घड्याळ आणि अंतर

जिम सुटण्याचं मोठं कारण म्हणजे वेळ. आपला दिवस आपल्या एकटीचा नसतो. मुलांचे डबे, सासऱ्यांचा चहा, यांची ड्युटी, त्यातून आपल्याकडे अनेक भागांत नळ रोज येत नाहीत. ज्या दिवशी नळ, त्या दिवशी बाई घराबाहेर पडूच शकत नाही. म्हणून आठवडाभर आपला खरा दिवस लिहून काढा आणि त्यात हक्काचा एक तास कुठे निघतो ते बघा. तो अकरा ते बारा निघत असेल आणि जिमची महिलांची वेळ दुपारी चार ते सहा असेल, तर ती जिम कितीही चांगली असली तरी तुमची नाही.

अंतरही तसंच. मैत्रीण डाबकी रोडवरून उमरीच्या जिमला जाते म्हणून आपणही जायचं, हे चार दिवस जमतं. पायी किंवा गाडीवर दहा-पंधरा मिनिटांच्या आत पोहोचता येईल, संध्याकाळी परतताना रस्त्यावर दिवे आणि माणसांची वर्दळ असेल, अशी जागा निवडा.

अकोल्याचा उन्हाळा विसरून तर चालणारच नाही. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हा प्रशासनाला ३१ मेपर्यंत कलम १४४ लावावं लागलं होतं. अशा दिवसांत पत्र्याच्या शेडमधली किंवा वरून तापणाऱ्या गच्चीखालची जिम म्हणजे भट्टीच. कूलर नुसता असून भागत नाही, समोर हवा बाहेर जायला खिडकी लागते, नाहीतर दमट हवेत जीव आणखी घाबरा होतो. वीज गेली तर पंखे चालतील का, प्यायला थंड पाणी आहे का, आणि एप्रिल-मेमध्ये वेळ बदलून पहाटेची करतात का, हे जानेवारीतच विचारून ठेवा.

स्वतः जाऊन बघा, तेही आपल्याच वेळेला

सकाळी अकराला रिकामी जिम छान वाटते. संध्याकाळी सहाला तिथे एका ट्रेडमिलमागे चौघी उभ्या असतात. म्हणून ज्या वेळेला तुम्ही जाणार, त्याच वेळेला बघायला जा. एक-दोन दिवस व्यायाम करून बघू द्या, असं मोकळेपणानं म्हणा. बऱ्याच ठिकाणी तशी मुभा देतात. नाहीच दिली, तर का देत नाहीत याचा विचार करा.

गेल्यावर नजर यंत्रांच्या पलीकडेही फिरवा. बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली आहे का? खोलीला आतून कडी लागते का? कॅमेरा त्या खोलीच्या दिशेला तर नाही ना? प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे? जिम कॉम्प्लेक्सच्या वरच्या मजल्यावर असेल तर आग लागल्यास बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? गुडघे दुखणारीला तीन जिने चढूनच वर जायचं असेल, तर तिनं खालच्या मजल्यावरची जागा बघितलेली बरी.

'फक्त महिलांसाठी' अशी पाटी असली तरी आत शिकवणारं कोण आहे, ते विचारा. पाटी महिलांची आणि प्रशिक्षक पुरुष, असंही असतं. त्यात गैर काही नाही, पण व्यायाम दुरुस्त करताना तो विचारून हात लावतो का, एखादी महिला मदतनीस तिथे असते का, हे बघून घ्या. आणि मन शंकलं तर त्याला 'उगाच काहीतरी' म्हणून गप्प करू नका. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा क्रीडा प्रशिक्षणाच्या जागांनाही लागू आहे, आणि तक्रार करायला तुम्ही तिथे नोकरीलाच असायला हवं असंही नाही. दहापेक्षा कमी माणसं काम करत असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. तातडीच्या वेळी ११२ आहेच.

शिकवणारं कोण?

यंत्र कोणीही विकत आणतं. ते कुणासाठी, किती आणि कसं वापरायचं, हे शिकलेलं माणूस लागतं. दंड फुगलेले असले की तो चांगला प्रशिक्षक, असा हिशोब नसतो.

खरं म्हणजे आपल्या वऱ्हाडात व्यायाम शिकवणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकानं आपले देशी खेळ आणि व्यायामप्रकार तिथे करून दाखवले होते. मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेले शिक्षक-शिक्षिका वऱ्हाडातल्या शाळा-कॉलेजांत आहेत. तेव्हा 'आपल्या गावात कुठे मिळणार शिकलेला ट्रेनर?' असं म्हणायचं कारण नाही. प्रशिक्षकाचं बी.पी.एड. झालंय का, फिटनेस ट्रेनरचा मान्यताप्राप्त कोर्स केलाय का, योग शिकवणारीकडे आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र आहे का, हे सरळ विचारा. विचारण्यात अपमान कसला? डॉक्टरांची पदवी आपण पाटीवर वाचतोच ना.

कागदापेक्षाही सोपी परीक्षा म्हणजे पहिल्या दिवशी तो तुम्हाला काय विचारतो. चांगला प्रशिक्षक वय, आजार, ऑपरेशन, गोळ्या, बाळंतपण, गुडघे-कंबर सगळं विचारतो, लिहून घेतो, आणि पहिला आठवडा हलकाच व्यायाम देतो. काहीही न विचारता थेट ट्रेडमिलवर चढवणाऱ्यापासून सावध राहा.

आणि तो काय विकतो, तेही बघा. महिन्यात दहा किलोचा वायदा खरा मानू नका. आठवड्याला अर्धा ते एक किलो, हा तब्येतीला झेपणारा वेग आहे. घामाचा पट्टा बांधून जे वजन उतरतं ते पाण्याचं असतं, दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतं. नुसतं पोट किंवा नुसत्या मांड्या कमी करून देणारं यंत्र अजून निघालेलं नाही. प्रोटीन पावडरचा डबा गळ्यात मारत असतील तर नको म्हणा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी असे पूरक डबे टाळायलाच सांगितलं आहे. आपली डाळ, हरभरा, शेंगदाणे, दही, अंडी कुठे गेली? बाईच्या ताटात ती सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी पडतात, ती आधी वाढून घ्या.

फीचं गणित

समजा, एका जिमची महिन्याची फी ८०० रुपये आणि वर्षाची एकदम भरली तर ६,००० आहे. ऐकायला ३,६०० रुपयांची बचत! पण ६,००० ला ८०० नं भागा. साडेसात येतात. म्हणजे साडेसात महिन्यांपेक्षा कमी गेलात तर वर्षाची फी महागच पडली. आता कॅलेंडर काढा. उन्हाळ्यात माहेर, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, गौरी-गणपती, दिवाळी, पाहुणे. खरोखर किती महिने उरतात ते बोटांवर मोजा. चारच महिने, महिन्याला १६ दिवस गेलात तर झाले ६४ दिवस, आणि एका दिवसाचे पडले जवळजवळ ९४ रुपये!

म्हणून पहिल्यांदा महिन्याचीच फी भरा. सवय लागली तर तीन महिन्यांची. 'ऑफर आजच संपते' असं कुणी म्हटलं तर घाई करू नका, अशा ऑफर पुन्हा येतच असतात. प्रवेश फी, लॉकर, आहाराचा तक्ता, स्वतंत्र ट्रेनर यांचे वेगळे पैसे आहेत का, तेही आधीच विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. बिलात जीएसटी लावला असेल तर तो आकडा वाचा.

पावती घेतलीच पाहिजे

आमच्या ओळखीच्या एका ताईंनी वर्षाचे पैसे रोख भरले आणि पावती 'नंतर देतो' वर राहिली. चार महिन्यांत त्या जिमला कुलूप लागलं. मागायला गेल्या तर हातात कागदच नाही. अशी वेळ आपल्यावर येऊ देऊ नका. रोख दिले तरी तारीख, मुदत, रक्कम आणि शिक्का असलेली पावती घ्या. शक्यतो फोनवरून पैसे भरा म्हणजे नोंद राहते. आजारपण, गरोदरपण आलं तर मुदत पुढे ढकलतात का, जिम बंद पडली किंवा जागा बदलली तर काय, ही उत्तरं पावतीमागे लिहून मागा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे पावती न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. 'भरलेले पैसे परत मिळणार नाहीत' अशी ओळ छापली म्हणजे आपला हक्क संपला, असं समजू नका. सांगितलेली सेवाच दिली नाही तर तक्रार करता येते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोला. तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही.

जिमच हवी का?

सगळी चौकशी केल्यावर कदाचित असंही लक्षात येईल, की आपल्याला सध्या जिमची गरजच नाही. ज्यांना फक्त चालायचंय, त्यांच्यासाठी कृषी विद्यापीठाचा झाडांचा परिसर आहे, आपल्या ले-आऊटमधली मोकळी जागा आहे. बऱ्याच बागांतून आता ओपन जिम बसवल्या आहेत. तिथली यंत्रं फुकट असली तरी बोल्ट ढिले नाहीत ना, हे बघूनच बसा. वसंत देसाई क्रीडांगणावर महिलांसाठी कोणत्या वेळा, कोणते वर्ग आहेत, ते जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारा. शेजारच्या दहा-बारा जणींनी मिळून एखाद्या शिकलेल्या योगशिक्षिकेला समाजमंदिरात किंवा कुणाच्या गच्चीवर बोलावलं तर खर्चही वाटला जातो. शिवाय एक आली नाही तर दुसरी दार वाजवते, हा फायदा वेगळाच.

फी भरण्याआधी विचारायचे दहा प्रश्न

१. माझी गरज काय, आणि ती इथे भागेल का?
२. महिलांची वेळ माझ्या रिकाम्या तासाशी जुळते का?
३. घरापासून दहा-पंधरा मिनिटांच्या आत आहे का, रस्ता सुरक्षित आहे का?
४. एक-दोन दिवस करून बघू देतात का?
५. प्रशिक्षकाचं शिक्षण काय? महिला प्रशिक्षक किंवा मदतनीस आहे का?
६. माझ्या आजारांबद्दल, ऑपरेशनबद्दल विचारलं का?
७. स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, पाणी, हवा ठीक आहे का?
८. आग किंवा अपघात झाला तर काय सोय आहे?
९. महिन्याची फी घेतात का? वरचे खर्च किती?
१०. पक्की पावती देतात का, मुदत पुढे ढकलतात का?

यातल्या सात-आठ प्रश्नांना समाधानकारक उत्तरं मिळाली तर खुशाल नाव नोंदवा. पण सुरक्षितता आणि पावती, या दोन बाबतींत तडजोड नको.

मग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दूधवाल्याचा खाडा मांडतो, तसाच व्यायामाचाही खाडा मांडा. महिनाअखेर मोजा. पंधरा दिवसांपेक्षा जास्त गेला असाल तर जागा तुमच्यासाठी बरोबर आहे, पुढची फी बिनधास्त भरा. खाडेच जास्त पडले असतील तर मन खट्टू करू नका. वेळ बदला, जागा बदला, पण व्यायाम सोडू नका.